चेरी श्रिंप रोज एक-दोन मरतायत, पाणी तर दर रविवारी बदलतोय (सांगली)

विश्रामबाग_टाकी

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच प्रश्न टाकतोय, काय चुकलं तर सांभाळून घ्या. माझ्याकडं दोन बाय एक बाय एक फुटाची टाकी आहे, वाळू-दगड सोडून पाणी ४५ लिटरच्या आसपास बसतंय. दिवाळीत पुण्यातनं २० रेड चेरी श्रिंप (टाकीत पाळतात ती छोटी लाल कोळंबी) आणले होते, होळीपर्यंत त्याचे साठ-सत्तर झाले, पोरगी शाळेतनं आली की दप्तर खांद्यावर तसंच ठेवून टाकीपुढं मोजत बसायची. आणि पाडवा झाला तशी उतरती कळा लागलीय. रोज एक, कधी दोन. अंगावर डाग नाही, बुरशी नाही, रात्री मॉसवर (टाकीतली शेवाळासारखी वनस्पती) चरत असलेला सकाळी आडवा पडलेला. दोघा-तिघांच्या मानेमागं पांढरी रिंग दिसली, अंग तिथंच फाटायला लागून अडकल्यासारखं.

मी काय करतो ते सांगतो. स्पंज फिल्टर आहे एअरपंपवर, जावा मॉस भरपूर. बोअरचं पाणी जड म्हणून आरओचं आणि बोअरचं मिसळून टीडीएस (लिटरमागं किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते) मीटरवर २५० करतो आणि दर रविवारी १० लिटर बदलतो, एकही रविवार चुकवलेला नाही. खाणं रोज रात्री एक गोळी. उन्हाळ्यामुळं टाकीचं झाकण काढून वर छोटा पंखा लावलाय, त्यानं पाणी २७-२८ ला राहतंय. पंख्यानं पाणी उडतंय तेवढं रोज भरतो. रविवारी स्पंजपण नळाखाली पिळून स्वच्छ करतो. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, उन्हाळा आहे, मरणारच, पावसाळ्यात नवीन घेऊन जा. आता साठातले तीसेक उरलेत. काय करू?

अजिंक्यतारा_बघतोय

साताऱ्यातनं. आधी एक सांगा, मेलेलेच आहेत ना? कात नव्हे ना? बरेच नवीन लोक कात बघून घाबरतात. कात काचेसारखी पारदर्शक असते, डोळे मिशा सकट, आणि मानेमागं चीर पडलेली असते. मेलेला असला की गुलाबी-पांढरट होतो, उकडलेल्या कोळंबीसारखा.

दुसरं, खोलीत डासांची कॉईल किंवा लिक्विडचं मशीन लावता का? त्यात जे पायरेथ्रॉईड असतं ते श्रिंपना जबरी लागतं, कोळंबी काय आणि झुरळ काय, त्या औषधाला दोन्ही सारखेच. आणि एअरपंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो हे कुणाच्या लक्षातच येत नाही. माझी पहिली बॅच तशीच गेली, एका रात्रीत ११. तेव्हापासनं त्या खोलीत फक्त मच्छरदाणी, आणि गल्लीत फॉगिंगची गाडी आली की पळत जाऊन पंप बंद, खिडक्या बंद, टाकीवर ओलं फडकं.

पांढऱ्या रिंगचं म्हणाल तर ते कात टाकताना अडकणं आहे. माझ्याकडं पण झालेलं पण कारण उलटं होतं. आमच्या भागात कासचं पाणी येतं, पठारावर पडलेला पाऊस, खाली जांभा खडक, त्यामुळं पाणी इतकं हलकं की मीटर दोन आकड्यांच्या पुढं जातच नाही. कॅल्शियम नाही मग नवीन कवच घट्ट कुठनं होणार. काष्ठौषधीच्या दुकानातनं समुद्रफेस आणला, पोपटाच्या पिंजऱ्यात लावतात तो, त्याचा अंगठ्याएवढा तुकडा टाकला. आधी तरंगतो, दोन-तीन दिवसांनी बुडतो, हळूहळू विरघळतो. पण तुमच्याकडं बोअर आहे म्हणजे कॅल्शियमचा दुष्काळ नसावा, म्हणून मला नक्की सांगता येईना.

बागायतदार_तासगाव

भावा एकच विचारतो, बादली कुठली वापरतोस? हसू नको. आमच्यात द्राक्षबाग आहे. घरच्यांनी बोर्डो (मोरचूद-चुन्याचं फवारणीचं औषध) कालवलेली बादली धुऊन ठेवली होती, चांगली दोनदा धुतलेली, मला वाटलं स्वच्छ आहे आणि मी त्यातनंच पाणी भरलं टाकीत. सकाळी उठून बघतोय तर चाळीसच्या चाळीस खलास, गप्पी मात्र मजेत फिरतायत. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेटच की, बुरशी मारायला आपण तेच वापरतोय, आणि कॉपर श्रिंपना अगदी थोडंसुद्धा चालत नाही. गोगलगायींना पण नाही, आधी गोगलगायी कवचात आखडल्या की समजायचं पाण्यात काहीतरी गडबड आहे. आता टाकीची बादली वेगळी, लाल रंगानं फुली मारलेली, ती कुणी फवारणीला घेतली की घरात भांडण. माझं तर म्हणणं आहे बागेतनं आलेल्या माणसानं आंघोळ केल्याशिवाय टाकीत हात घालूच नये.

मत्स्यप्रेमी_०७

सगळं पाणी काढा, टाकी धुवा, नवीन पाणी भरा, मूठभर खडेमीठ आणि पांढऱ्या डागाचं औषध टाका, ३ दिवसांत फरक.

अजिंक्यतारा_बघतोय

वरचं अजिबात करू नका हो!! माशांच्या बऱ्याच औषधात कॉपर असतं, तासगावकरांनी आत्ताच काय सांगितलं ते वाचा. आणि टाकी धुतली की वाळूत आणि स्पंजमध्ये बसलेले बॅक्टेरिया गेले, मग घाणीतनं होणारा विषारी अमोनिया कोण खाणार.

विश्रामबाग_टाकी

सगळ्यांचे आभार, इतक्या लवकर उत्तरं येतील वाटलं नव्हतं. कात मी ओळखतो, पोरगी त्या कात गोळा करून काडेपेटीत ठेवते, वर्गात नेऊन दाखवते. कॉईल लावत नाही, आम्ही वरच्या मजल्यावर आहोत, जाळ्या आहेत. बादली टाकीचीच वेगळी आहे. हात साबण न लावता नुसते धुऊनच घालतो.

एक गोष्ट आता लिहिताना लक्षात आली. मेलेले सोमवारी-मंगळवारी जास्त सापडतात. मागच्या सोमवारी चार होते. शुक्रवार-शनिवार बऱ्याचदा एकपण नाही. योगायोग असेल का?

मिरजेची_मावशी

योगायोग नाही हो. मी दहा वर्षं श्रिंप पाळतेय, म्हणून दोनच प्रश्न विचारते. पंख्यानं उडालेलं पाणी रोज भरता म्हणालात, ते कुठलं भरता, मिसळलेलं का आरओचं का थेट बोअरचं? आणि बादलीतल्या पाण्याचा टीडीएस मोजता तसा टाकीतल्या पाण्याचा शेवटचा कधी मोजला होता?

विश्रामबाग_टाकी

थेट बोअरचंच भरतो मावशी, रोज लिटरभर तर लागतंय, तेवढ्यासाठी कुठं मिसळत बसायचं म्हणून तांब्यानं ओततो. बोअरचा टीडीएस ७०० आहे. टाकीतला कधी मोजलाच नव्हता, २५० चंच पाणी घालतोय म्हटल्यावर २५० च असणार असं धरून चाललो होतो. आत्ता उठून मोजला. ५७० आहे!! मीटर दोनदा पुसून बघितला.

मिरजेची_मावशी

सापडलं मग. हिशोब बघा.

पाणी उडतं तेव्हा नुसतं पाणी उडतं, क्षार टाकीतच राहतात. त्यावर तुम्ही ७०० चं लिटरभर पाणी ओतलंत म्हणजे ७०० मिलिग्रॅम क्षार नवीन घातले. ७०० भागिले ४५, म्हणजे रोज १५ नं वाढ, आठवड्याला शंभराच्या वर. रविवारी तुम्ही १० लिटर काढून २५० चं पाणी घालता, त्यानं ते ७०-८० नं एकदम खाली येतं. परत आठवडाभर चढतं, परत रविवारी धाडकन खाली. महिना-दीड महिना हाच झोपाळा चाललाय आणि दर वेळी थोडा जास्त उंच जातोय. थंडीत झाकण होतं, पंखा नव्हता, पाणी उडत नव्हतं म्हणून तेव्हा सगळं चांगलं चाललं. म्हणजे पंख्यानं उन्हापासनं वाचवलं आणि पंख्याच्याच पायी ही भानगड झाली.

आता सोमवार-मंगळवारचं. श्रिंपना ४०० काय ५०० काय, हळूहळू गेलं तर बरंचसं खपतं. पण पाण्यातले क्षार अचानक कमी झाले की त्यांच्या अंगात पाणी शिरतं आणि वेळ झालेली नसताना कात टाकायला लागतात. आतलं नवीन कवच तयार नसतं, जुनं नीट फाटत नाही, मानेमागं गोल भेग पडते आणि तिथंच अडकून मरतात. तीच तुमची पांढरी रिंग. रविवारी पाणी बदललं, सोमवारी अडकले.

करायचं काय ते सांगते. एक, उद्यापासनं उडालेल्या पाण्याच्या जागी फक्त आरओचं पाणी, टाकीच्या काचेवर पेननं रेघ मारा आणि तिथपर्यंतच भरा. दोन, रविवारचे १० लिटर बंद. एक दिवसाआड २ लिटर काढायचे आणि २ लिटर मिसळलेलं घालायचं, म्हणजे एका वेळी १४-१५ च्या वर उतरणार नाही. घाईनं २५० वर आणायला जाऊ नका, उरलेले तीसपण जातील. आणि ते २ लिटर तांब्यानं ओतायचे नाहीत. सलाईनचा सेट आणा, आमच्या मिरजेत तर दर दहा पावलांवर मेडिकल आहे, तुमच्याकडंही मिळेल. सुई काढून टाकायची, बादली उंचावर ठेवायची, नळीत पाणी ओढून घ्यायचं आणि ते चाक फिरवून थेंब लावायचे, सेकंदाला दोन-तीन. २ लिटर संपायला चांगले चार-पाच तास लागतील, चालू दे. नवीन श्रिंप आणले की पण असंच करायचं, पिशवीतले थेट टाकीत सोडायचे नाहीत.

तो स्पंज नळाखाली पिळता ते मात्र आजच बंद करा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्यात स्पंज पिळला की त्यातले कामाचे बॅक्टेरिया मरतात. टाकीतनं काढलेलं २ लिटर पाणी असतंच ना, त्यातच दोनदा दाबायचा, काळं पाणी निघालं की झालं. पांढराशुभ्र करायचा नाही. तेही दर आठवड्याला नको, बुडबुडे कमी यायला लागले की करा.

आणि पोरीला सांगा, कात काडेपेटीत नको, टाकीतच राहू दे. ती कात ते स्वतःच खातात, त्यातलं कॅल्शियम परत मिळतं. एखादी घेऊ दे वर्गासाठी, सगळ्या नको.

बागायतदार_तासगाव

मावशी हे तर आमच्या क्षारपड जमिनीसारखंच झालं की. उसाला पाणी देत राहायचं, पाणी उडतंय, मीठ वर येऊन बसतंय, आणि मग म्हणायचं ऊस का पिवळा पडला.

मिरजेची_मावशी

अगदी तेच.

विश्रामबाग_टाकी

डोकं सुन्न झालं राव. म्हणजे मी जेवढी काळजी घेत होतो तेवढं बिघडत होतं. सलाईन सेट आणतो आजच. खाण्याचं काय मावशी, रोज एक गोळी जास्त होते का? आणि दुपारी लाईट जाते तेव्हा एअरपंप बंद पडतो, तीन-तीन तास, त्याचं काय करू?

गावभाग_पूररेषा

खाण्याचं मी सांगतो. २०१९ चा पूर. आमचं घर गावभागात, खाली टाकी. आयर्विन पुलाला पाणी चढत चाललंय म्हणून कळल्यावर आधी आजीला वर नेलं, मग धान्य, मग फ्रीज राहू दे म्हटलं, आणि शेवटी मी बादली घेऊन खाली गेलो, जाळीनं जेवढे सापडले तेवढे श्रिंप, तीसेक असतील, आणि जावा मॉसचा एक मोठा गोळा बादलीत टाकून वर आणला. वडील म्हणाले, पासबुकं राहिली आणि झिंगे आणलेस. लाईट नाही, पंप नाही, खायला घालायला काही नाही, बादली गच्चीच्या जिन्यात ठेवलेली. आठ दिवस. मेला एक. एकीच्या पोटाखाली अंडी होती ती तशीच होती. तेव्हापासनं मी आठवड्यातनं दोनदाच खायला घालतो, बाकी दिवस मॉसवरचा थर आणि शेवाळ खातात. दोन तासांत संपलं नाही ते उचलून टाकतो. जास्त घातलं की पाणी कुजतंय आणि काचेवर ते पांढरे चपटे किडे येतात, बाणासारख्या डोक्याचे, प्लॅनेरिया, ते पिल्लं खातात.

अर्थात ते ऑगस्टमधलं गार पाणी होतं हे पण आहे. मे महिन्यात बादलीत आठ दिवस टिकले असते का, मला नाही वाटत.

मिरजेची_मावशी

नसतेच टिकले. २० अंशाला लिटरभर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसात. उन्हाळ्यात पाण्यातच हवा कमी आणि त्यांना लागते जास्त. म्हणून दुपारच्या लाईटसाठी बॅटरीवर चालणारा छोटा पंप घ्या, लाईट गेली की आपोआप सुरू होतो असा मिळतो. तोपर्यंत पाण्याची पातळी दोन बोटं कमी ठेवलीत तर पंप सुरू असताना स्पंजमधलं पाणी वरनं पडून जास्त हवा मिसळते. बर्फ टाकू नका, कुणीतरी सांगेलच बाटलीत बर्फ भरून सोडा म्हणून, त्यानं दोन तासांत चार अंश खाली आणि परत वर, त्यापेक्षा स्थिर २८ बरं.

खायला आठवड्यातनं एकदा दुधी किंवा काकडीची चकती, उकळत्या पाण्यात मिनिटभर ठेवून. बाजारचा पालक मी घालत नाही, फवारलेला कधी नसतो सांगा. देशी बदामाची वाळलेली पानं मात्र बिनधास्त, शाळेच्या मैदानात पडलेली असतात ती, तपकिरी झालेली, स्वतः गळून पडलेली घ्यायची, हिरवी तोडून नाही. धुऊन, उकळून एक पान टाकलं की तीन आठवडे त्याच्यावरच बसलेले असतात, शेवटी पानाची नुसती जाळी उरते. पाणी चहासारखं होतं थोडं, होऊ दे.

अजिंक्यतारा_बघतोय

बदामाची पानं रस्त्याकडेची घेऊ नका, फॉगिंगची गाडी तिथनंच जाते. मावशी, बाकी तुमच्या हिशोबाला सलाम. मी इतकी वर्षं टीडीएस बादलीतच मोजत आलोय.

विश्रामबाग_टाकी

महिन्यानं लिहितोय, उशीर झाला. टाकीचा टीडीएस आज ४१० आहे. पहिल्या आठवड्यात तीन मेले, त्यानंतर एक, आणि आता १९ दिवस एकपण नाही. सलाईन टाकीला लावलेली बघून शेजारचे काका विचारून गेले, कोण ॲडमिट आहे. काल पोरीनं दाखवलं, एका मादीच्या पोटाखाली पिवळसर अंडी आहेत, ती शेपटीखालचे पाय सारखे हलवून त्यांना वारा घालते, पोरगी तासभर तिथनं हलली नाही.

दोन प्रश्न राहिलेत. आरओचं पाणी भरताना तीन लिटर वाया जातंय आणि घरचे ओरडतायत, एसीचं पाणी बाल्कनीत बादलीत पडतंय, त्याचा टीडीएस ५ आहे, ते भरलं तर? आणि पोरीला आता निळे श्रिंप पाहिजेत, ह्याच टाकीत सोडायचे म्हणते.

मिरजेची_मावशी

४१० वरपण ते आरामात राहतात, आता घाई करूच नका, पाऊस सुरू झाला की पंखा निघेल, आणि ते दिवसाआडचे २ लिटर चालू ठेवलेत की सावकाश उतरेल.

एसीचं पाणी नको. ते कॉईलवरनं ओघळून येतं, आत तांब्याच्या नळ्या असतात, वर धूळ. मीटर ५ दाखवतो पण त्या ५ मध्ये काय आहे ते मीटर सांगत नाही, आणि तांबं श्रिंपना किती थोडं लागतं ते तासगावकरांना विचारा. ते पाणी कुंड्यांना घाला, किंवा फरशी पुसायला. उलट आरओचं वाया जाणारं पाणीच भांड्यांना वापरलंत तर घरचे ओरडणार नाहीत.

निळे त्याच टाकीत सोडू नका. रंग वेगळे असले तरी जात एकच, तैवान-चीनकडच्या ओढ्यातले मूळचे तपकिरीच, लाल-निळे लोकांनी निवडून निवडून काढलेत. एकत्र ठेवलेत तर आपसात पिल्लं होतात आणि दोन-तीन पिढ्यांत परत मातीच्या रंगाचे. पोरीसाठी वेगळी छोटी टाकी करा, १५-२० लिटरची चालेल, पण आत्ता पाणी भरून स्पंज लावून ठेवा आणि महिनाभर रिकामीच चालू दे. तुमच्या जुन्या स्पंजचं काळं पाणी त्यात पिळा, बॅक्टेरिया लवकर बसतील. अंडी धरलेली मादी हलवू नका. आजपासनं तीन-चार आठवड्यांत मॉसमध्ये भिंग घेऊन बघा, तांदळाच्या कणीएवढी पिल्लं दिसतील, मोठ्यांसारखीच हुबेहूब.

विश्रामबाग_टाकी

भिंग आहे घरात. निळ्यांचं सांगितलं तर पोरगी म्हणते महिनाभर रिकामी टाकी कोण बघत बसणार. बघू, रेघ मारायचं काम तिच्याकडंच देतो.